तापात लोहाची गोळी? या चुका टाळा

पावसाळा ओसरला की इंदुरात घरोघरी तापाचे रुग्ण. ताप धड उतरलेलाही नसतो, तोच घरातलं कुणीतरी म्हणतं, "किती अशक्त झालीस, रक्त वाढायची गोळी चालू कर." सगळ्यात मोठी चूक हीच. वाढायला जंतूंनाही लोह लागतं. म्हणून संसर्ग झाला की यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक जास्त सोडतं. त्यामुळे आतड्यातून रक्तात येणारं लोह अडतं आणि अंगातलं लोह पेशींत कोंडलं जातं. शरीर ते मुद्दाम दडवतं. अशा वेळी घेतलेली गोळी नीट अंगी लागत नाही, पोट मात्र बिघडू शकतं. टांझानियातल्या पेंबा बेटावर मलेरियाचा जोर असताना लहान मुलांना सरसकट लोह आणि फॉलिक ॲसिड दिलं, तेव्हा गंभीर आजार आणि मृत्यू वाढले. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. पण त्याच अभ्यासात, ज्या मुलांना खरोखर लोहाची कमतरता होती त्यांना फायदा झाल्याचंही दिसलं.

म्हणून हे वाचून गोळ्या कायमच्या बंद करणं ही दुसरी चूक, आणि मला तिची जास्त काळजी वाटते. लोह कमी पडलं तर संसर्गाशी लढणाऱ्या टी-पेशी नीट वाढत नाहीत, जंतू मारणाऱ्या पांढऱ्या पेशींचाही जोर कमी होतो. गरोदर बाईने तर ताप आला तरी गोळी स्वतःच्या मनाने थांबवू नये, डॉक्टरांना विचारावं.

तापातच लोहाची तपासणी करून घेतली, तर रिपोर्ट फसवा येऊ शकतो. रक्तातलं लोह घटलेलं दिसतं, अंगातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन हे प्रथिन उलट वाढतं. निरोगी मोठ्या माणसात फेरिटिन १५ च्या (नॅनोग्रॅम प्रति मिली) खाली गेलं की कमतरता मानतात. संसर्ग असताना जागतिक आरोग्य संघटना हीच सीमा ७० धरते. तेव्हा ४० आकडा पाहून "लोह ठीक आहे" म्हणू नका. सोबत सीआरपी, म्हणजे अंगातला दाह दाखवणारी रक्ततपासणी, पाहावी, किंवा बरं झाल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा तपासावं.

आता नाश्ता. पोह्यांवर लिंबू पिळतो ते उत्तमच, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषलं जातं. पण लगेच वर कडक चहा घेतला की बराच फायदा वाया जातो. तासभर तरी थांबा. लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, आणि एखाद्या दिवशी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन नकोत: एका गोळीनंतरही हेप्सिडिन साधारण दिवसभर चढलेलं राहतं, म्हणून काही डॉक्टर एक दिवसाआड गोळी देतात.