कर्करोग संशोधनाचा अभ्यासगट जमवताना

अभ्यासगट काढायचा म्हटलं की लोक आधी नाव ठरवतात. मीही तेच केलं. 'कर्करोग आणि आरोग्य' असं ऐसपैस नाव ठेवलं. पहिल्या बैठकीला खोली भरली, चौथ्या बैठकीला मी आणि एक पीएचडीची विद्यार्थिनी. मग विषय आवळला: केमोथेरपीनंतर हृदयाचं काय होतं? एवढंच. त्याबरोबर कर्करोगतज्ज्ञांच्या शेजारी हृदयरोगतज्ज्ञ येऊन बसले.

तेव्हा आधी प्रश्न एका वाक्यात लिहा. एकाच केंद्राच्या रुग्णांवरून उत्तर मिळत असेल तर गटाच्या भानगडीत पडूच नका. विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांचा मूत्रपिंडाचा कर्करोग, इतका दुर्मीळ की एकेका रुग्णालयाला पुरेशी मुलं सापडेनात. म्हणून अमेरिकेत १९६९ साली अनेक रुग्णालयांनी मिळून अभ्यास सुरू केला. गट असा अडलेल्या गरजेतून निघावा.

सुरुवातीला सात-आठ माणसं पुष्कळ झाली. संख्याशास्त्राचं माणूस पहिल्या दिवसापासून हवं. आणि उपचार घेतलेली एखादी व्यक्ती, तीही नुसती सत्काराला नव्हे. आमच्याकडच्या बाईंनी फॉर्म वाचून विचारलं, "जिना चढताना मला धाप लागते, ते कुठल्या रकान्यात लिहू?" तसा रकानाच नव्हता.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो शब्दकोशाला, म्हणजे प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक लिहिलेल्या तक्त्याला. कंटाळवाणं काम आहे, पण आम्ही ते टाळलं आणि तोंडघशी पडलो. डॉक्सोरुबिसिन या केमोथेरपीच्या औषधाचा आयुष्यभराचा एकूण डोस जितका वाढतो, तितका हृदयाला धोका वाढतो. म्हणून तो रकाना कळीचा. एका केंद्राने ४५० लिहिलं, दुसऱ्यानेही ४५०. पहिल्याचे ते नुसते मिलिग्रॅम होते, दुसऱ्याचे शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला मिलिग्रॅम. पृष्ठभाग १.७ चौरस मीटर धरला तर पहिल्या रुग्णाचा डोस २६५च्या आसपास भरतो! दोन महिने आम्ही हे आकडे एकाच रकान्यात गुण्यागोविंदाने नांदवले. 'हृदय कमजोर' याचीही तीच गत: कुणी इजेक्शन फ्रॅक्शन (हृदयाचा कप्पा दर ठोक्याला आतल्या रक्तापैकी किती टक्के बाहेर ढकलतो ते) ५०च्या खाली गेल्यावर म्हणायचं, कुणी ५३च्या.

लेखकांच्या नावांचा क्रम निष्कर्ष हाती येण्याआधी ठरवा. नंतर नाती बिघडतात; माझं एक बिघडलंय, अजून सुधारलेलं नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे लेखकपणाचे चार निकष आहेत, ते पहिल्याच बैठकीत वाचून दाखवा. नुसते रुग्ण पुरवले म्हणून कुणी लेखक होत नाही, हे तेव्हा सांगितलं तर कुणाला लागत नाही.

रुग्णांची माहिती शक्यतो हलवूच नका. एकच प्रोग्राम सगळ्या केंद्रांना पाठवा, प्रत्येकाने आपापल्या संगणकावर चालवावा आणि फक्त एकत्रित आकडे परत धाडावेत. तरीही प्रत्येक ठिकाणच्या नीतिमत्ता समितीची परवानगी लागेलच, आणि तिला तुमच्या अंदाजाच्या दुप्पट वेळ लागेल.

बैठक पाऊण तासात आटपा. इतिवृत्तात तीनच गोष्टी: काम, माणूस, तारीख. 'सर्वांनी बघावे' असं लिहिलेलं काम आमच्याकडे आजवर एकानेही बघितलेलं नाही.