टायपिंग क्लासातल्या टर्मिनलसाठी डिस्प्ले ड्रायव्हर

मेव्हण्याच्या टायपिंग क्लासात एक जुना पीसी आहे आणि त्याला यूएसबीने जोडलेली चार टर्मिनलं. उघडून पाहिलं तर आत डिस्प्लेलिंक कंपनीची यूएसबी २.० चिप (यूएसबीवरून आलेलं चित्र पडद्यावर नेणारी) आणि कीबोर्ड-माऊसचा हब, बस्स. या चिपसाठी लिनक्समध्ये २०१२ पासून 'यूडीएल' ड्रायव्हर आहेच, तेव्हा नुसतं काम भागवायचं असेल तर इथेच थांबा. ड्रायव्हर लिहायला शिकायचं असेल तर मात्र याहून बरी चिप नाही. कंपनीनेच २००९ मध्ये 'लिबडीएलओ' ही चिपशी बोलणारी लायब्ररी खुली केली, त्यामुळे हिच्याशी काय बोलायचं ते उघड आहे. यूएसबी ३.० च्या चिपा घेऊ नका, त्यांचं असं नाही.

'एलएसयूएसबी' या यूएसबी उपकरणांची यादी देणाऱ्या कमांडमध्ये १७ई९ (डिस्प्लेलिंकचा क्रमांक) दिसलं की आधी मॉनिटरची ईडीआयडी, म्हणजे त्याने स्वतःबद्दल दिलेली माहिती, वाचा. पिक्सेलचा मोह आवरा. एका बाइटला एक कंट्रोल विनंती, उत्तरात दोन बाइट, कामाचा दुसरा. असे १२८ बाइट गोळा करा. बेरजेला २५६ ने भागून बाकी शून्य आली, तर तार, चिप आणि तुमचा कोड तिघेही शुद्धीवर आहेत.

मग रजिस्टरं, म्हणजे चिपमधले सेटिंगचे कप्पे. आज्ञा चार बाइटची, आकडे हेक्समध्ये: एएफ, २०, रजिस्टर, किंमत. एफएफ या रजिस्टरात ०० लिहून कुलूप लावायचं, टायमिंग (पडद्यावरच्या ओळी आणि सिंकच्या वेळांचे आकडे) भरायचं, मग त्यातच एफएफ लिहून कुलूप काढायचं.

माझ्या दोन रात्री गेल्या त्या टायमिंगपायी. प्रत्येक आज्ञा बिनतक्रार जात होती, आणि पडदा काळाच. कारण सिंकचे बरेचसे आकडे चिपला सरळ चालत नाहीत. आतला काउंटर एक-दोन-तीन असा मोजतच नाही, तो एलएफएसआर आहे, म्हणजे बिट सरकवत ठरलेल्या पण उलटसुलट क्रमाने आकडे देणारा. एफएफएफएफपासून सुरुवात करा, १५, ४, २ आणि १ या बिटांचा एक्सॉर काढा (त्यांत १ विषम वेळा असेल तर १, नाहीतर ०), सगळं डावीकडे एक घर सरकवून तो बिट मागे लावा. जितका आकडा हवा तितक्या वेळा हे करा, हाती येईल ते रजिस्टरात भरा. रुंदी आणि उंची मात्र सरळ जाते. पिक्सेल क्लॉक ५ किलोहर्ट्झच्या मापात, म्हणजे ६५ मेगाहर्ट्झला १३०००, आणि तोही खालचा बाइट आधी. पिक्सेलचा वरचा बाइट आधी! (चिप बनवणारे दोघे एकमेकांशी बोलत नसावेत.)

आता हिशेब. १०२४ × ७६८, १६ बिट रंग: एक फ्रेम १५,७२,८६४ बाइट. सेकंदाला ६० म्हणजे सुमारे ९.४ कोटी. यूएसबी २.० कागदावरसुद्धा ६ कोटीच देते, आणि इथे चार वाटेकरी. म्हणून पूर्ण फ्रेम पाठवूच नका. डीआरएमचे (लिनक्सच्या ग्राफिक्स यंत्रणेचे) डॅमेज हेल्पर बदललेला चौकोन सांगतात, तेवढाच पाठवा, आणि सलग एकाच रंगाचे पिक्सेल 'हा इतक्या वेळा' असे दाबून. टायपिंग क्लासात पांढरा कागद आणि एक हलतं अक्षर, त्यामुळे आमचं मस्त चालतं. मुलं व्हिडिओ लावतात तेव्हा चालत नाही.

मुलं वायरही उपटतात. यूएसबीला हात लावणाऱ्या प्रत्येक फंक्शनात 'डीआरएम डेव्ह एंटर' आणि 'एक्झिट' (उपकरण अजून जागेवर आहे का ते पाहणारी जोडी) घाला, नाहीतर एका उपटण्यात कर्नेल कोसळून चारही पडदे जातात. 'मोडटेस्ट' या पडदा तपासायच्या साधनाचे रंगपट्टे दिसत असतानाच केबल दहा-वीसदा ओढून पाहा.

शेवटी 'लॉगइनसीटीएल' या कमांडने प्रत्येक पडदा आणि त्याच हबवरचा कीबोर्ड-माऊस एका सीटला (एका माणसाच्या संचाला) बांधा. आम्ही हे विसरलो होतो, आणि तिघी विद्यार्थिनींचं टायपिंग मेव्हण्याच्या पडद्यावर उमटत होतं.