‘पट्टी चांगली आहे’ या उत्तरावर उतरू नका

कमर्शियल लायसन्स हातात आलं तेव्हा माझ्या लॉगबुकात दोनशेच्या आसपास तास होते आणि त्यातलं एकूण एक लँडिंग डांबरी धावपट्टीवरचं होतं. पहिली नोकरी लागली ती मात्र दुर्गम भागातल्या कच्च्या पट्ट्यांवर माणसं आणि सामान पोचवायची. चौथ्या महिन्यात मी एक विमान मोडलं. सहा आसनांचं, एका इंजिनाचं. आत आम्ही तिघं होतो आणि तिघंही चालत बाहेर आलो. या कामात नव्यानं येणाऱ्यांनी तो दिवस नीट समजून घ्यावा, असं मला फार वाटतं.

आदल्या संध्याकाळी मी तिथल्या माणसाला फोन केला होता. “पट्टी कशी आहे?” “चांगली आहे. कालच जीप गेली वरून.” त्याचं उत्तर खरं होतं, प्रश्नच माझा चुकीचा होता. त्याची जीप चार रुंद चाकांवर रमतगमत गेली होती. माझं विमान टेकणार होतं ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगानं, आणि पुढचं सगळं वजन एका छोट्या नोजव्हीलवर, म्हणजे नाकाखालच्या चाकावर, येणार होतं. आता मी विचारतो ते असं: शेवटचा पाऊस कधी आणि किती? शेवटचं विमान कधी उतरलं, कुठलं होतं? गवत घोट्यापर्यंत आहे की पोटरीपर्यंत? जीप ताशी पन्नासनं पळवली तर आतली माणसं उसळतील का? कुठे टाच रुतते का, ते आत्ता चालत जाऊन बघाल का? हा शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तरीही विचाराच. लोक आनंदानं बघून येतात.

पट्टी ७०० मीटरची होती. आमच्या विमानाच्या पुस्तकात उतरायला साधारण ४०० मीटर लिहिलेले, त्यामुळे मी निर्धास्त होतो. पण पुस्तकातला आकडा नव्या विमानाचा, कोरड्या पक्क्या धावपट्टीचा आणि कसलेल्या चाचणी वैमानिकाचा असतो. ब्रिटनच्या नागरी विमान प्राधिकरणानं छोट्या विमानांसाठी काही गुणक दिले आहेत, ते पाठच करून टाका. ओलं गवत असेल तर अंतर १.३५ पट. लँडिंगच्या वेगाच्या दहा टक्के वारा मागून असेल तर १.२ पट. दोन टक्के उतार असेल तर १.१ पट. जमीन मऊ असेल तर निदान १.२५ पट. हे गुणक एकमेकांत गुणायचे असतात, आणि शेवटी सुरक्षिततेसाठी १.४३ नं पुन्हा गुणायचं. माझ्या त्या दिवसाचा हिशेब करा: ओलं गवत धरून ५४० मीटर, मागचा सहा-सात नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) वारा धरून ६४८. सुरक्षेचा गुणक लावला की ९२७. मऊ जमीन तर यात धरलेलीही नाही. हा हिशेब मी अपघातानंतर केला. कागदावर दोन मिनिटं लागतात.

वारा मागून आहे हे मला कळलं असतं, पण विंडसॉकच्या, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीच्या, जागी नुसता खांब उरला होता. अशा वेळी धूर, झाडांची पानं, तळ्यावरच्या लाटा बघायच्या. मी ते न बघता सरळ फायनलवर, म्हणजे उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, आलो. त्यात वेग ६५ नॉटऐवजी ७२ ठेवला, कारण जास्त वेग म्हणजे जास्त सुरक्षितता असं मनात कुठेतरी बसलं होतं. वेग दहा टक्क्यांनी वाढला की थांबवायची ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. विमान तरंगत राहिलं आणि पट्टीचा तिसरा हिस्सा मागे गेल्यावर टेकलं. तिथूनही थ्रॉटल पुढे करून, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवून, परत उडता आलं असतं. मी ब्रेक दाबले. ब्रेकनं वजन पुढे आलं, गवताखाली चिखल होता, नोजव्हील रुतून मोडलं आणि प्रोपेलर जमिनीत गेला.

म्हणून अनोळखी पट्टीवर आधी एक फेरी. पट्टी डाव्या खिडकीतून दिसेल अशी, तिच्या उजवीकडून उडा. जमिनीवरचा वेग ६० नॉट असेल तर सेकंदाला सुमारे ३१ मीटर जातात, म्हणजे वीस सेकंदांत सुमारे ६२० मीटर. घड्याळ लावून लांबी मोजा. वारा असेल तर दोन्ही दिशांनी. बाकीच्या गवतापेक्षा गडद हिरवा पट्टा दिसला तर तिथे पाणी मुरलेलं असण्याची दाट शक्यता. सकाळच्या तिरप्या उन्हात चाकोऱ्या आणि वारुळं सावलीमुळे उठून दिसतात, डोक्यावर ऊन आलं की लपतात. गुरं तर असतातच.

डोंगरातल्या चढाच्या पट्ट्यांचं शास्त्र निराळं. नेपाळमधलं लुक्ला घ्या: उंची २,८४५ मीटर, धावपट्टी ५२७ मीटर, चढ ११.७ टक्के, आणि धावपट्टी संपते तिथे डोंगर. उतरायचं फक्त चढाच्या बाजूनं. चढाची किंवा अरुंद पट्टी समोर असली की आपण फार उंच आहोत असा भास होतो आणि हात नकळत विमान खाली आणतो. शिवाय विरळ हवेत खरा वेग दर हजार फुटांना सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो. काट्यावर ७० दिसत असताना तिथे तुम्ही ८० च्या वर असता. ८ ऑक्टोबर २००८ रोजी धुक्यात तिथे उतरणारं ट्विन ऑटर हे दोन इंजिनांचं छोटं विमान धावपट्टीच्या अलीकडेच आदळलं. विमानातल्या १९ जणांपैकी फक्त कॅप्टन वाचले. अशा ठिकाणी गो-अराउंडचा, म्हणजे न उतरता परत वर जाण्याचा, निर्णय फायनलवर घ्यायला उशीर झालेला असतो. माघारीची जागा आधी ठरवायची, एखादा ओढा किंवा वळण, आणि तिथवर सगळं जागेवर नसेल तर परत फिरायचं.

नोकरीच्या मुलाखतीत पगाराआधी तीन गोष्टी विचारा. प्रत्येक पट्टीची नोंदवही आहे का? नव्या पट्टीवर पहिल्यांदा अनुभवी वैमानिक बरोबर येतो का? आणि न उतरता परत आलेल्या वैमानिकाला काय ऐकावं लागतं? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा चाचरला, तर मी तरी तिथे जाणार नाही.

आणि अपघात झालाच तर आधी इंधन बंद, मग विजेचा मास्टर स्विच बंद, मग माणसं बाहेर, वारा जिकडून येतो त्या बाजूला. अपघाताचा इशारा पाठवणारा आपत्कालीन ट्रान्समीटर हळू धक्क्यानं सुरू होईलच असं नाही. माझा झाला नव्हता, हातानं लावावा लागला. विमानात नुसता १२१.५ मेगाहर्ट्झचा जुना संच असेल तर उपग्रहांनी ती लहर ऐकणं १ फेब्रुवारी २००९ पासून बंद केलं आहे. ४०६ मेगाहर्ट्झचाच हवा.

त्या दुपारी प्रवाशांना सावलीत बसवून मी पट्टीवर पावलं मोजत चाललो. सुरुवातीपासून ४१० पावलांवर मऊ जमीन सुरू होत होती, ४७० वर संपत होती. दोन्ही टोकांना काठ्या रोवल्या, वर माझा पांढरा शर्ट फाडून बांधला, आणि दुसऱ्या दिवशी तिथे उतरणार असलेल्या वैमानिकाला फोन लावून ते दोन आकडे लिहून घ्यायला सांगितले.