सोसायटीत भाजीचे वाफे लावताना मातीआधी वाटणी ठरवा

सोसायटीतली सामायिक भाजीबाग किडीने क्वचितच मरते. दसऱ्याला उत्साहाने वाफे भरले जातात, होळीपर्यंत पाणी घालणारे दोघंच उरतात आणि तयार भाजी तिसराच कोणीतरी खुडून नेतो. मग ते दोघंही यायचे बंद होतात. गच्चीबागेच्या सल्ल्यांत कोकोपीट किती आणि शेणखत किती यावर पानंच्या पानं असतात, पण पाणी कोणी घालायचं आणि भाजी कोणी न्यायची यावर एक ओळ नसते. बाग टिकते ती त्या न लिहिलेल्या ओळीवर.

खालची मापं मुंबई-ठाणे-पुण्याकडच्या तीस-चाळीस घरांच्या सोसायटीसाठी आहेत. सभेत कितीही हात वर झाले तरी प्रत्यक्ष काम करणारी घरं चौदा धरा आणि त्यावरच आखणी करा.

जागा

आवारात जमीन असेल तर गच्चीचा हट्ट सोडा. गेटपासून जिन्यापर्यंतच्या वाटेवर सहा फूट रुंदीची पट्टी मिळाली तरी ती हजार फुटांच्या गच्चीपेक्षा कामाची. गच्चीवर मुद्दाम चढावं लागतं, पण वाटेवरच्या वाफ्यापाशी दळण आणायला निघालेला माणूसही थांबतो, "हे काय लावलंय?" म्हणून विचारतो. पालेभाजीला चार-पाच तास ऊन पुरतं. टोमॅटो, वांगी, मिरचीला सहा तास तरी लागतं. ऊन मोजायचं ते डिसेंबरात. मे महिन्यात सगळीकडेच ऊन असतं आणि शेजारच्या टॉवरची सावली थंडीत कुठवर येते ते कळत नाही.

परवानगी

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत होते, तिथे लेखी ठराव करून घ्या. सेक्रेटरींचं तोंडी "करा हो" पुढची कमिटी आली की संपतं. भाडेकरूंना सभेत मत नसतं, तरी बागेत त्यांना बरोबरीचा वाटा राहील हे ठरावातच लिहा.

गच्चीच असेल तर वजन

ओली माती फूटभर भरली की दर चौरस मीटरला ५०० किलोंच्या आसपास वजन होतं. लोक ये-जा करतात अशा गच्चीसाठी आयएस ८७५ या भारतीय मानकात धरलेला लाइव्ह लोड, म्हणजे माणसं-सामानाचं येतं-जातं वजन, दर चौरस मीटरला साधारण १५० किलो आहे. म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तुळया कुठून जातात ते खडूने आखून घ्या आणि त्याने लेखी दिलेल्या वजनातच वाफे बसवा. माती कमी ठेवून वाळका पाला, उसाची चिपाडं आणि कुजलेला ओला कचरा यांवर भर द्या. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर तिथल्या खानपान अधिकारी प्रीती पाटील यांनी उभी केलेली बाग पालापाचोळा आणि स्वयंपाकघरातला कचरा यांतूनच झाली. त्यामागची पद्धत शेतीत प्रयोग करणाऱ्या कोल्हापूरच्या श्रीपाद अ. दाभोळकरांची.

वाफा कोब्यावर थेट ठेवू नका. विटांवर चार इंच उचला, म्हणजे खालून झाडू फिरतो आणि गळती दिसते. काम सुरू करण्याआधी वरच्या मजल्यावरच्या घरांच्या छतांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. पावसात छत पाझरलं की पहिलं बोट बागेकडेच जाणार. त्या घरातला एक माणूस पहिल्या दिवसापासून बागेच्या गटात हवा.

मांडणी

वाफ्याची रुंदी तीन फूट, दोन्ही बाजूंनी हात पोचतो तेवढी. लांबी आठ फूट. दोन वाफ्यांत दोन फूट वाट आणि मधली मुख्य वाट तीन फूट, म्हणजे बादली घेतलेली दोन माणसं एकमेकांना न अडवता जातात. सहा वाफे पुरेत. सगळे एका रांगेत भिंतीकडे तोंड करून ठेवले तर काम करणाऱ्यांच्या पाठी एकमेकांकडे होतात. इंग्रजी यू अक्षरासारखे मांडा आणि मध्ये सावलीत एक बाक किंवा कट्टा ठेवा. खुडायचं, निवडायचं काम तिथे बसून होतं, आणि माणसं बोलतात ती भाजी निवडताना.

एक वाफा अडीच फूट उंचीवर, टेबलासारखा करा. गुडघे दुखणाऱ्या आजींना वाकायला लावलंत तर त्या दुसऱ्या आठवड्यात येणार नाहीत, आणि मेथी कधी काढायची ते त्यांनाच माहीत असतं.

नळ एकच ठेवा, मधोमध. खुरपी, झाऱ्या आणि फळा त्याच्या शेजारी. गच्चीवर कठड्याला लागून वाफा मुळीच नको. मूल त्यावर चढतं आणि चार फुटांचा कठडा तीन फुटांचा होतो. टाकीकडची आणि लिफ्टच्या खोलीकडची वाट, पावसाच्या पाण्याच्या पाइपांची तोंडं मोकळी ठेवा.

पाळी आणि वाटणी

इथे घाई करू नका. बी आणण्याआधी हे कागदावर उतरलं पाहिजे.

पहिली चूक म्हणजे घरागणिक एकेक कुंडी किंवा वाफ्याचा तुकडा वाटून देणं. ऐकायला न्याय्य वाटतं. होतं असं, की पाच तुकडे हिरवे, नऊ वाळलेले, आणि वाळलेल्यांतल्या तणाचं बी हिरव्यांत. वर "माझी मिरची कोणी तोडली" हे रोजचं. वाफे सगळ्यांचे ठेवा, कामाचे दिवस वाटून घ्या.

पाळी जोडीने लावा. सात वार, प्रत्येक वाराला दोन घरं, म्हणून चौदा. जोडीतली घरं एका मजल्यावरची नकोत. शेजारी तसेही रोज भेटतात. दुसऱ्यावरच्या कुलकर्ण्यांची पाचव्यावरच्या शेखांशी ओळख व्हायची तर मंगळवार दोघांचा हवा. वार कायमचा ठेवा. दर महिन्याला बदलणारा तक्ता व्हॉट्सॲपवर वाढदिवसाच्या केकांखाली गाडला जातो. "आपला मंगळवार" मात्र घरातल्या पोराच्याही लक्षात राहतो.

नळाशेजारच्या फळ्यावर तारीख, वेळ आणि पाणी घातलेल्याचं नाव खडूने लिहायचं. हा पोरखेळ नाही. एकाच दिवशी तिघांनी प्रेमाने पाणी घातल्याने मरणारी रोपं तहानेने मरणाऱ्यांपेक्षा जास्त असतात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, ओल लागली तर झारी खाली ठेवा.

टायमर लावलेलं ठिबक बसवा असा सल्ला हमखास मिळेल. तो ऐकू नका. ठिबक पाणी उत्तम देतं आणि बागेत यायचं कारणच काढून घेतं. चार महिन्यांत बाग हिरवी असते आणि कट्टा रिकामा. सुट्ट्यांपुरता पाइप ठेवा, एरवी झारी. वॉचमनवर पाणी ढकलणं त्याहून वाईट. त्याच्याकडे काम द्यायचंच असेल तर वेगळे पैसे ठरवा आणि भाजीत वाटाही द्या.

आता वाटणी. भाजी काढायची ती आठवड्यातून एकदाच, रविवारी सकाळी साडेआठला, सगळ्यांसमोर. एरवी कोणी खुडायचं नाही, अध्यक्षांनीसुद्धा नाही. हजर घरांना सारखे वाटे. त्या आठवड्याची पाळी केली पण आजारपणामुळे येता आलं नाही, त्यांचा वाटा लहान मुलाच्या हाती घरी पाठवा. उरलेलं गेटजवळच्या टोपलीत, ज्याला हवं त्याने न्यावं. ही टोपली विसरू नका. बागेत नसलेल्या बाकीच्या घरांच्या कुरकुरीला तिच्यासारखं दुसरं औषध नाही.

तरी हात शिवशिवणारच. त्यासाठी प्रवेशाजवळचा एक वाफा सगळ्यांना कायम मोकळा ठेवा: गवती चहा, पुदिना, पानओवा, कढीपत्ता, तुळस. यातून कोणीही, कधीही, न विचारता न्यावं. रात्री आठला फोडणीपुरता कढीपत्ता मिळाला की बाग आपली वाटते, आणि बाकीच्या वाफ्यांवरचा नियमही पाळला जातो.

काय लावायचं

चवीपेक्षा वाटे पडतात का ते पाहा. आठवड्याला पिकलेले सात टोमॅटो चौदा घरांत वाटता येत नाहीत. तिथेच पहिला रुसवा होतो. मेथी, माठ, पालक, अंबाडी, कोथिंबीर, अळू, मिरची यांच्या मुठी पाडता येतात. चोवीस चौरस फुटांच्या वाफ्यातून पालेभाजी एका काढणीत दोन-तीन किलो धरा, म्हणजे घरागणिक एक छोटी जुडी. यावर कोणाचा भाजीचा खर्च वाचणार नाही, हे पहिल्याच सभेत सांगा. टोमॅटो आणि वांगी लावा, पण एकाच वाफ्यात आणि त्यांचं एकत्र भरीत किंवा सार करायचं असं ठरवून.

मेथी तीस दिवसांत येते, म्हणून पहिली पेरणी तिचीच. महिन्याभरात हातात काही पडलं नाही तर चौदाची आठ घरं होतात. सगळे वाफे एकाच रविवारी पेरू नका, नाहीतर एका आठवड्यात ढीग आणि पुढचे तीन आठवडे कट्ट्यावर नुसत्या गप्पा. आठ-आठ दिवसांच्या अंतराने पेरा. धणे पेरण्याआधी चपलेखाली रगडून दोन फाकी करा, बाकी बी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे.

खत आणताना शेजारपाजारचा विचार करा. हाडांचा चुरा अनेक घरांना चालत नाही. निंबोळी पेंड सगळ्यांना चालते आणि मातीतल्या किडीवरही उपयोगी पडते. मावा किंवा पिठ्या ढेकूण ही कीड पानांवर दिसली तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबतेल आणि थोडं साबणाचं पाणी, संध्याकाळी फवारा, आठ दिवसांनी पुन्हा. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका. साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत अळ्यांचे डास होतात आणि महापालिकेची नोटीस बागेच्या नव्हे, सोसायटीच्या नावाने येते.

कधी सुरू करायचं

जूनमध्ये नाही. पहिल्या पावसात सगळ्यांनाच बाग सुचते, पण जुलैत बी वाहून जातं, वाफे तुंबतात आणि कट्ट्यावर कोणी बसत नाही. सप्टेंबरच्या सभेत ठराव, दसऱ्याच्या आसपास वाफे, दिवाळीनंतर पहिली मेथी. एप्रिलअखेर वाफे रिकामे करा. मे महिन्यात अर्धी सोसायटी गावाला जाते आणि पाण्याची कपातही त्याच सुमारास लागते. तेव्हा पाळी चालवायचा हट्ट धरलात तर उरलेल्या चार घरांच्या मनात बाकीच्यांबद्दल कायमची अढी बसते. मातीवर वाळक्या पाल्याचा चार इंच थर द्या आणि पाळी बंद असल्याचं फळ्यावर लिहा. पाऊस लागला की त्यात ताग पेरा, फुलायच्या आधी कापून तिथेच गाडा. पावसाळ्यात अळू आणि मोकळा वाफा एवढंच चालू ठेवा. गणपती झाले की नवा तक्ता करा, आणि त्यात निदान तीन जोड्या बदला.