राउंडला आधी ज्युनिअरला बोलू द्या

बावीस वर्षं आयसीयूत गेली, त्यातली नऊ इन्चार्ज सिस्टर म्हणून. नव्या टीम लीडरला मी पहिलं हेच सांगते: राउंडला सगळ्यात ज्युनिअर माणसाला आधी बोलू द्या. मोठ्या डॉक्टरांनी एकदा मत दिलं की बाकीचे नुसत्या माना डोलावतात.

नावं पाठ करा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्जिकल चेकलिस्टमध्ये चीर देण्याआधी प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं असतं, ते उगाच नाही. नावानं ओळखणाऱ्या माणसाला "थांबा" म्हणताना जीभ अडखळत नाही.

तोंडी ऑर्डर परत म्हणून दाखवायची. एका रात्री धावपळीत मी मोठ्यानं म्हटलं, "फिफ्टी मिलिग्रॅम." डॉक्टर गर्रकन वळले, "फिफ्टीन! वन, फाइव्ह!" सिरिंज हातात भरलेली होती. तेव्हापासून आमच्याकडे आकडे सुटे बोलतात. कुणाला हा अविश्वास वाटलाच, तर लीडरनं आधी स्वतः परत म्हणून दाखवावं.

चूक झाली की "कुणी केलं?" हा प्रश्न गिळायचा आणि "काय झालं?" विचारायचं. (माझी जीभ अजून घसरते. मग तिथल्या तिथे माफी मागते.)

हँडओव्हर, म्हणजे पाळी बदलताना रुग्णाची माहिती पुढच्या सिस्टरला सोपवणं, बेडपाशीच घ्या. परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज सगळे सांगतात. आता काय करावं, हे सांगताना मात्र सिस्टर गप्प होतात. तेव्हा विचारा, "तुम्हाला काय वाटतं?" आणि उत्तर येईपर्यंत घड्याळाकडे बघू नका.