ऑलिंपियाचा आडवा छेद पुठ्ठ्यात

फिलाडेल्फियाला लेकीकडे गेलो होतो, तेव्हा डेलावेअर नदीच्या धक्क्याला बांधलेली ‘ऑलिंपिया’ पाहिली. सॅन फ्रान्सिस्कोत बांधून १८९२ साली पाण्यात उतरवलेली ही ‘प्रोटेक्टेड क्रूझर’ जातीची पोलादी युद्धनौका. १ मे १८९८ला मनिलाच्या उपसागरात अमेरिकेचे कमोडोर ड्युई स्पॅनिश ताफ्याशी हिच्यावरूनच लढले. नातवाला विचारलं, हिचं चिलखत कुठंय? त्यानं बाहेरच्या पत्र्याकडे बोट दाखवलं. चिलखत तिथं नाहीच, ते पोटात आडवं आहे. हे कळायला अख्खं मॉडेल नको. मधला एक काप पुरतो.

प्रमाण १:१०० धरा. जहाजाची रुंदी ५३ फूट, म्हणजे १६ सेंमी. पाण्याखालचा भाग साडेएकवीस फूट, म्हणजे साडेसहा सेंमी. पुठ्ठ्यावर आधी मधली उभी रेषा आणि पाण्याची रेषा आखून घ्या, मग निम्मा आकार कापून आरशासारखा उलटा करून दुसरी बाजू गिरवा. असे दोन काप करा आणि चार सेंमी अंतरावर उभे करून फेविकॉलनं जोडा.

आता डेक, म्हणजे पोटातलं ते आडवं चिलखत. मधे सपाट, दोन्ही कडांना खाली उतरतं. तो मधे दोन इंच, उताराला पावणेपाच इंच जाड आहे. मॉडेलवर अर्धा मिलिमीटर आणि १.२ मिलिमीटर. माझ्याकडच्या जुन्या लग्नपत्रिका व्हर्नियरवर (जाडी मोजायच्या पट्टीवर) पाव मिलिमीटर भरल्या, म्हणून मधल्या सपाट भागाला दोन पत्रिका चिकटवल्या आणि उतारांना पाच. ही जाडी बोटांना जाणवलीच पाहिजे, इथं घाई करू नका.

उताराची खालची कड पाण्याच्या रेषेखाली जायला हवी. मी दीड सेंमी खाली नेली आणि आडव्या रेषेशी कोन तीस अंशांचा ठेवला. पहिल्यांदा ती चुकून रेषेच्या वर चिकटवली, तर नातू म्हणाला, “आजोबा, इथं भोक पडलं तर पाणी सरळ इंजिनात जाईल!” बरोबर आहे. बाजूला भोक पडलं तरी पाणी डेकच्या वरच अडावं, खाली बॉयलर, इंजिन आणि दारूगोळा कोरडा राहावा, यासाठीच ही कासवाची पाठ. सगळा काप सोडवून पुन्हा बसवला.

आता पट्टी आडवी धरून उतारावर टेकवा. गोळा असा आडवा आला तर त्याला तीस अंशांच्या उतारात पावणेपाच नव्हे, साडेनऊ इंच पोलाद भेदावं लागतं. बाजूला तेवढीच जाड भिंत उभी केली असती, तर तिचं वजन अशा जहाजाला झेपलं नसतं.

उताराच्या वरच्या कप्प्यांत इस्त्रीवाल्याकडून आणलेला कोळशाचा चुरा भरा. त्या काळी जहाजाच्या दोन्ही कडांचा कोळसाही गोळ्याचा जोर मारायचा. पाच इंची तोफांसाठी संपलेल्या रिफिलीचे पाच सेंमीचे तुकडे चालतात.

रंग शेवटी. शांततेच्या काळातली हवी असेल तर खालचं अंग पांढरं, वरचं बदामी. मनिलाची हवी असेल तर सगळी राखाडी, कारण लढाईआधी हाँगकाँगमध्ये तिला तोच रंग दिला होता.