उंचावरच्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या आपल्या मंडळींसाठी

नाशिक-दिंडोरीकडच्या वायनऱ्यांत काही वर्षे काम करून अर्जेंटिनातील मेंडोझा प्रांतात, विशेषतः उको खोऱ्यात, नशीब अजमावायला निघालेली मुले मला अधूनमधून प्रश्न विचारतात. पगार किती, राहायचे कुठे आणि जेवणाचे काय, हे तीनच प्रश्न बहुधा असतात. त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत, पण थोडक्यात, कारण आपला माणूस येथे पहिल्या वर्षी अडतो तो यांपैकी कशानेही नव्हे, तर घरून आणलेल्या दिनदर्शिकेने आणि हाताला पडलेल्या वळणाने.

आपल्याकडे द्राक्षवेल कधीच झोपत नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्यांवर आपण तिला वर्षभर जागती ठेवतो, काडीवरचे डोळे, म्हणजे अंकुर, एकसारखे फुटावेत म्हणून डॉर्मेक्स हे रसायन लावतो आणि छाटणीच्या तारखेपासून दिवस मोजत पुढचे सगळे वेळापत्रक आखतो. येथे मे महिन्यात पाने गळतात, वेल खरोखरच निद्रेत जाते, हिवाळ्यात एकदाच छाटणी होते, सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरमध्ये डोळे फुटतात आणि फेब्रुवारी ते एप्रिल या काळात काढणी चालते. थंडी पुरेशी असल्यामुळे डॉर्मेक्सची गरज भासत नाही. एवढे सगळ्यांना वाचून ठाऊक असते. ठाऊक नसते ते हे की, छाटणीची तारीख येथे बागायतदाराच्या हातात नाही. ती अँडीज पर्वतावरून उतरणाऱ्या थंड हवेच्या हातात आहे.

नव्या माणसाला जुलैमध्ये छाटणीची टोळी सोपवली की तो हुरूप दाखवण्यासाठी लवकर सुरुवात करतो, आणि तीही फाटकाजवळच्या सखल भागातून, कारण तेथे ट्रॅक्टर सहज पोहोचतो. आपल्याच भागातून आलेल्या एका मुलाने येथील एका मोठ्या मळ्यात नेमके हेच केले. लवकर छाटलेली वेल लवकर फुटते, थंड हवा जड असल्यामुळे रात्री लवणात साचते, आणि सगळ्यांत कोवळी फूट नेमकी तेथेच असते. ३१ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर २०२२ च्या रात्री मेंडोझात जे दहिवर, म्हणजे कोवळी फूट गोठवणारे दव, पडले, त्याने २०२३ चा हंगाम कित्येक दशकांतील सर्वांत तोकडा ठरला. दहिवराच्या दुसऱ्या दिवशी बागेत गेलात तर पहाटे फूट ताठ आणि हिरवीगार दिसते, आणि बिनअनुभवी माणूस सुटकेचा निःश्वास टाकतो. ऊन वर आले की तीच फूट पाणथळ, अर्धपारदर्शक होऊन मान टाकते आणि दुसऱ्या दिवशी बोटांत चुरगळली तर काळपट भुगा हाती येतो. म्हणून पुन्हा सांगतो: सखल ओळी सर्वांत शेवटी छाटा. आधी काड्या लांब ठेवून वरवरची छाटणी करा आणि डोळे फुगू लागल्यावर पक्की छाटणी करा, म्हणजे शेंड्याकडचे डोळे आधी फुटतात आणि खालचे थांबतात. मुकादम घाई करू लागला तरी, आणि मालकाने शाबासकी दिली तरी, सखल ओळी शेवटी.

दुसरे वळण उन्हाचे. आपण दक्षिण गोलार्धात आहोत, त्यामुळे दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो आणि दक्षिणेकडे तोंड असलेला उतार थंड असतो. हे भूगोलाच्या पुस्तकात सगळ्यांनी वाचलेले असते, पण पाने विरळ करताना हात जुन्या सवयीने चालतो. कळसूबाईची उंची १६४६ मीटर आहे. तुपुनगातोजवळच्या ग्वालतायारीतील वरचे मळे त्या उंचीच्या आसपास जातात, आणि उंची हजार मीटर वाढली की अतिनील किरणे साधारण दहा-बारा टक्क्यांनी वाढतात. हवा गार असते, म्हणून ऊन लागत आहे हे कळत नाही, ना माणसाला ना मण्याला. ओळ उत्तर-दक्षिण असेल तर पूर्वेकडची पाने काढा, घडांना सकाळचे ऊन मिळू द्या आणि पश्चिमेकडची पाने राखा. ती काढली तर जानेवारीत मण्यांच्या साली भाजतात. याच किरणांमुळे साल जाड होते आणि रंग गडद येतो, रात्री पारा पंधरा-वीस अंशांनी खाली गेल्यामुळे आम्लता टिकते. येथील माल्बेक या काळ्या वाइन-द्राक्षाचे सगळे नाव यावरच उभे आहे.

पाण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण येथे भांडणे होतात ती पाण्यावरून. वर्षाला जेमतेम दोनशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतांशी उन्हाळ्यात आणि अनेकदा गारांसह. बाकी सगळे पाणी डोंगरावरच्या बर्फाचे. १८८४ च्या प्रांतिक कायद्यानुसार पाण्याचा हक्क जमिनीला जोडलेला आहे, तो जमिनीपासून तोडून विकता येत नाही. कालव्यांवर शेतकऱ्यांच्या संस्था आहेत, त्या आपला निरीक्षक निवडतात, आणि पाळीनुसार फाटके उघडणारा जो माणूस असतो तो थेट आपला पाटकरी. धुळे-नाशिककडच्या फड पद्धतीवर ज्यांच्या आजोबांनी शेती केली आहे त्यांना ही व्यवस्था पहिल्या दिवशी उमगते. ठिबकच्या काळात वाढलेल्या मुलांना ती कित्येक महिने उमगत नाही. वरच्या अंगाच्या नव्या मळ्यांत विहिरी आणि ठिबक आहे हे खरे, पण जुन्या बागांत पाळी रात्री दोन वाजता येते, आणि ती चुकली तर पुढची येईपर्यंत थांबावे लागते. पाटकऱ्याशी पहिल्या आठवड्यात ओळख करून घ्या, त्याच्या हातचा माते, म्हणजे नळीने ओढायचा पानांचा काढा, न टाळता प्या, त्यातली नळी ढवळू नका. येथील माणूस रात्रीच्या जेवणाला तासभर उशिरा येईल, पण पाण्याच्या पाळीला एक मिनिट उशीर करणार नाही.

रोगांचा ताप कोरड्या हवेमुळे कमी आहे. भुरी असते, केवडा पावसाळी वर्षी डोके वर काढतो, आणि आपल्यासारख्या फवारण्यांवर फवारण्या कोणी घेत नाही. येथे खरा शत्रू पाने कातरून नेणारी मुंगी आणि गारपीट. बागांवर काळी जाळी दिसेल, तिचे कारण गारपीट.

एक गोष्ट मात्र कान देऊन ऐका. येथील पुष्कळ बागा कलमाविना स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत, म्हणून बाहेरून आलेल्या किडीपुढे त्या उघड्या पडतात. घरची एखादी काडी, कलमासाठीचे डॉगरिज जातीचे खुंट, नमुन्यादाखल माती, काहीही सामानात आणू नका. घडांवरची लोबेसिया अळी २०१० मध्ये मेंडोझात सापडली आणि तेव्हापासून तिच्यामागे प्रांताचा किती पैसा व मनुष्यबळ गेले हे येथील कोणत्याही बागायतदाराला विचारा. प्रांताच्या सीमेवर गाडी थांबवून फळे काढून घेतात, त्यावरून हुज्जत घालणारे आपले लोक पाहिले की मला लाज वाटते.

आता वायनरीच्या आतले. पहिली सवय मोडायची ती टार्टारिक आम्लाची. नाशिकच्या उष्णतेत आपण क्रशिंग झाले की जवळजवळ डोळे मिटून आम्ल घालतो. येथे आधी पीएच बघा; उंचावरच्या फळात बहुधा आम्ल पुरेसे असते आणि वर घातलेले आम्ल वाइनला कडक, दातांवर येणारी करते. दुसरी सवय जास्त ढवळण्याची. साली इतक्या रंगीत असतात की दोन दिवसांत रस शाईसारखा होतो, आणि रंग पाहून हर्षलेला नवखा दिवसातून चार-चार पंपओव्हर, म्हणजे तळाचा रस उपसून सालींवर ओतणे, करत राहतो. मग जे उतरते ते टॅनिन, म्हणजे तुरटपणा. साखर चढते तेव्हा बी अजून हिरवे असते, म्हणून थांबायचा मोह होतो आणि अल्कोहोल पंधराच्या पुढे जाते. रोज सकाळी ओळींत जाऊन मणी चघळा, बी दाताखाली फोडा. केवळ ब्रिक्सवर, म्हणजे साखरेच्या मापावर, काढणीची तारीख ठरवू नका.

आणि टाकी. एक लिटर रस आंबताना चाळीस लिटरांहून अधिक कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी, खालच्या मजल्यावर, बंद खोलीत साचतो, त्याला रंग नाही. चोथा काढायला टाकीत उतरणारा माणूस दोन श्वासांत कोसळू शकतो आणि त्याला वाचवायला उडी घेणारा दुसराही. वायुमापक यंत्राशिवाय, पंखा लावल्याशिवाय आणि बाहेर दोरी धरून माणूस उभा असल्याशिवाय टाकीत उतरायचे नाही. आत कोणी पडलेला दिसला तरी मागोमाग उतरायचे नाही. काम सोडून जावे लागले तरी चालेल. हंगामात सोळा तासांच्या पाळीनंतर हाच नियम सर्वांत आधी विसरला जातो.

काढणीची मजुरी पाहून पुष्कळांना नवल वाटते. मजूर, यांतील अनेक जण बोलिव्हियातून किंवा उत्तरेकडील प्रांतांतून आलेले, साधारण वीस किलोंचा डबा भरून खांद्यावर घेतात, ओळीतून पळत ट्रकपर्यंत जातात, डबा रिकामा करतात आणि ट्रकवर उभ्या असलेल्या माणसाकडून एक बिल्ला घेतात. दिवसअखेरीस बिल्ले मोजून पैसे. चांगल्या वायनऱ्यांत लहान क्रेट वापरतात, पण हिशेब तोच. घड स्वच्छ हवे असतील तर बिल्ल्याचा दर वाढवा. आरडाओरडा करून कोणी सावकाश काढत नाही. मजुरांशी तुटक वागणारे आपले पदवीधर पाहिले आहेत, आणि त्यांचे फळ पानांनी भरलेले येते हेही पाहिले आहे.

पगाराबाबत दोन-तीन गोष्टी. आकड्याला फारसा अर्थ नाही; २०२३ मध्ये महागाई वर्षाला दोनशे टक्क्यांवर गेली होती, तेव्हा पगार किती महिन्यांनी वाढणार हे आधी विचारा. जून आणि डिसेंबरमध्ये मिळून एक जादा पगार कायद्याने मिळतो. नोंद न करता रोखीत काम देणारे भेटतील. पावती नसेल तर आरोग्यविमाही नाही आणि निवृत्तिवेतनही नाही, म्हणून नकार द्या. भारतातील ज्या एजंटांनी काही लाख घेऊन 'शेतावर पक्की नोकरी' असे सांगून पर्यटन व्हिसावर मुले पाठवली, त्यांच्या नादी लागू नका. आपली पदवी येथे आपोआप चालत नाही, तिला मान्यता मिळवावी लागते, तोवर हाताखालचे काम मुकाट्याने करावे.

जेवण: डाळी मिळतात, तूर मिळत नाही, मसाले आणा, दुपारी एक ते पाच दुकाने बंद असतात आणि रात्री दहाला ताट वाढतात. शाकाहाराचे कारण एकदा सांगितले की कोणी पुन्हा विचारत नाही. घर तुनुयान किंवा तुपुनगातो गावात घ्या, मेंडोझा शहरात नको. रोजच्या प्रवासात हंगाम निघून जातो. पुरुषही गालाला गाल लावून भेटतात, दचकू नका. वाद मोठ्या आवाजात होतो आणि तासाभरात विसरला जातो. आपण मात्र मनात धरतो आणि मग एकटे पडतो. 'आमच्याकडे असे करतात' हे वाक्य पहिले वर्षभर तोंडातून काढू नये. स्पॅनिश शिकूनच या; इंग्रजीवर दिवस काढणारी मुले फ्रेंच-अमेरिकन हंगामी पाहुण्यांच्या घोळक्यातच राहतात आणि एप्रिलमध्ये ते पाहुणे निघून गेले की काय करावे हे त्यांना कळत नाही.

येण्याचा महिना विचाराल तर ऑगस्ट. छाटणीचा शेवट हाती लागतो आणि डोळे फुटण्यापासून काढणीपर्यंत सगळे पाहता येते. फेब्रुवारीत येणाऱ्याला फक्त टाक्या धुवायला मिळतात. साल्टा प्रांतातील काफायातेचे आकर्षण अनेकांना असते, तेथील तोरोन्तेस द्राक्ष आणि सतराशे मीटरची उंची ऐकून. त्याच प्रांतात मळे तीन हजार मीटरच्याही वर गेले आहेत. तेथे दम लागतो, म्हणून पहिले दोन दिवस शिडीवर चढू नका. कोकाची पाने चघळायला तेथे कायद्याने मुभा आहे, पण ती बॅगेत टाकून देशाबाहेर नेऊ नका. माझे मत असे की, एक पूर्ण हंगाम मेंडोझात काढल्याशिवाय तेथे जाऊ नये, कारण मेंडोझात मळे आणि वायनऱ्या इतक्या आहेत की एक नोकरी गेली तर आठवड्यात दुसरी शोधता येते, आणि तेथे ती सोय नाही.